केरांतील धातु

सराफाच्या दुकानांत केरसुणी फिरल्यावर जो केर निघतो, तो उकिरड्यावर जात नाहीं. झारेकरी तो मोल देऊन घेतात, धुतात, गाळतात, आणि त्यांतील सोन्याचे कण वेचून पोट भरतात. हा धंदा कोणास क्षुल्लक वाटेल. पण मोठमोठे रासायनिक कारखानेही हेंच करीत असतात. त्याचें एक उदाहरण आम्ही येथें देत आहों.

खतांसाठीं लागणारें नत्राम्ल अमोनियापासून करितात. या रीतीचें पेटंट विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनज्ञानें १९०२ सालीं घेतलें. प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्या तारेची बारीक जाळी सुमारें ८५० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, व तिच्यांतून अमोनिया आणि हवा यांचें मिश्रण सोडतात. ही जाळी म्हणजे उत्प्रेरक. उत्प्रेरक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाहीं, असें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों.

व्यवहारांत मात्र थोडा फरक पडतो. त्या प्रखर उष्णतेंत प्लॅटिनमचा अल्प अंश प्राणवायूशीं संयोग पावून वाफेच्या रूपानें उडतो. टनभर आम्लामागें ही हानि ग्रॅमाच्या अंशाइतकीच असते. परंतु रोज शेंकडों टन आम्ल करणाऱ्या कारखान्यास ती जड जाते. म्हणून खालीं पॅलेडियमच्या जाळ्या ताणून ती वाफ अडवितात. तरीही कांहीं धातु निसटून नळ्यांत व टाक्यांच्या गाळांत बसतो. कारखाना दुरुस्तीसाठीं थांबला म्हणजे तो गाळ खरवडून जपून ठेवितात. येथें आपला झारेकरीच पुनः भेटतो!

झिजलेली जाळी अम्लराजांत, म्हणजे नत्राम्ल व लवणाम्ल यांच्या मिश्रणांत, विरघळवितात. जें आम्ल या जाळीनें घडविलें, तेंच तिला विरघळविण्यास साह्य करितें, हें नवल नव्हे काय? त्या द्रावणांत नवसागर घातला कीं प्लॅटिनमचा पिवळा साका तळीं बसतो, आणि तो चांगला तापविला कीं करडें, सच्छिद्र प्लॅटिनम हातीं येतें. ऱ्होडियमासाठीं पुढें निराळी क्रिया करावी लागते.

परंतु हें काम जिवाशीं खेळण्याचें आहे. अम्लराजाचे तांबूस धूर छातींत गेले तर त्यांचा घात कित्येकदां कांहीं तासांनीं प्रकट होतो. पिवळ्या साक्याची धूळ श्वासावाटे गेल्यास कामगारांस दमा जडूं शकतो. बंदिस्त भांडीं व धूर ओढून धुवून काढणारी यंत्रें यांवांचून असें काम कोणाकडूनही करवून घेणें हा अन्याय होय.

प्लॅटिनम गाळांत पडलें तरी प्लॅटिनमच राहतें, व पुनः शुद्ध करितां येतें. माणसाच्या छातीचें तसें नाहीं. विद्यार्थिमित्रांनीं केरांतून धातु वेचण्याची विद्या अवश्य शिकावी. मात्र वेचणाऱ्याच्या जिवाचें मोल आधीं धरावें.