निर्णय कसा घ्यावा?

मंगरूळपीर तालुक्यांतील शेलूबाजार ह्या गांवाच्या नांवांतच बाजार आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला भाग खुला झाला, व ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सारा मार्ग पूर्ण झाला. त्यावर शेलूबाजार येथें चढण्या-उतरण्याची सोय आहे. रस्ते वाढले कीं वाटा वाढतात, आणि वाटा वाढल्या कीं निवड करणें कठीण होतें. कारखान्याच्या व्यवस्थापकास जो प्रश्न पडतो, तोच घरच्या कारभाऱ्यासहि पडतो. म्हणून निर्णय घेण्याची कला लहानपणींच शिकावी.

एक उदाहरण घेऊं. समजा, ह्या भागांतील एका कास्तकाराच्या घरीं ऑक्टोबर महिन्यांत २० क्विंटल सोयाबीन आलें. बाजारांत भाव ४,२०० रुपये. बाप म्हणाला, “उद्यांच विकून टाकूं.” थोरला मुलगा म्हणाला, “थांबूं, भाव वाढेल.” दोघेहि आपापल्या जागीं हट्ट धरून बसले. तेव्हां दहावींत शिकणारी मुलगी म्हणाली, “बाबा, दोनच वाटा आहेत असें आपण कां धरलें?”

चौकशी केल्यावर आणखी दोन वाटा निघाल्या. सन २०२५-२६ साठीं सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये ठरला होता. परंतु सरकारी खरेदीसाठीं नांव नोंदविण्याची मुदत ह्या घरानें चुकविली होती. क्विंटलामागें १,१२८ रुपयांचा फरक केवळ वेळेवर चौकशी न केल्यामुळें हातचा गेला! सर्वांत मोठें नुकसान पुष्कळदां चुकीच्या निवडीनें होत नाहीं. जी वाट आपण पाहिलीच नाहीं, तिच्यामुळें होतें.

चौथी वाट शेतमाल तारण कर्जाची. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९० पासून बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीनसारखा माल गुदामांत ठेवून त्याच्या किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं दरसाल ६ टक्के व्याजानें मिळते. मुलीनें वहींत हिशेब मांडला. ४,२०० वर कर्ज ३,१५० रुपये. सहा महिन्यांचें व्याज साडेचौऱ्याण्णव. दाणा वाळून वजनांत दोन टक्के घट धरली तर ८४ रुपये, हमाली वीसेक. म्हणजे क्विंटलामागें सुमारें दोनशें रुपये भाव वाढला, तरच थांबण्यांत फायदा.

मग आई बोलली. “दुकानदाराची उधारी व पोरीच्या शिक्षणाचा खर्च ह्यांस भावाची वाट पाहतां येत नाहीं.” शेवटीं असें ठरलें कीं, ८ क्विंटल आतां विकावें व १२ क्विंटल तारण ठेवावें. भाव ४,६०० झाला तर त्याच दिवशीं, नाहीं तर ३१ मार्च रोजीं, जो असेल त्या भावानें माल विकावा. हें सारें कारणांसह वहींत लिहून ठेवलें.

पुढें भाव ४,१०० वर उतरला असें समजा. मुलगा म्हणेल, “एवढे दिवस थांबलों, आणखी थोडे थांबूं.” येथेंच वही उपयोगी पडते. गेलेले दिवस परत येत नाहींत. प्रश्न पुढच्या दिवसांचा असतो. ठरलेल्या तारखेस माल विकला; बारा क्विंटलांत सुमारें ३,६०० रुपये तोटा आला. तरी निर्णय वाईट होता असें म्हणतां येणार नाहीं. गरजेपुरता पैसा आधींच सुरक्षित होता, आणि जेवढा तोटा सोसवेल तेवढाच धोका पत्करला होता. फळावरून नव्हे, तर त्या वेळीं माहीत असलेल्या गोष्टींवरून निर्णयाची पारख करावी.

थोर लोकांचाहि अनुभव असाच आहे. बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांनीं १७७२ मध्यें प्रीस्टली ह्या शास्त्रज्ञास पत्रानें एक युक्ति कळविली: कागदाच्या मधोमध रेघ ओढावी, अनुकूल व प्रतिकूल कारणें तीन-चार दिवस लिहीत जावीं, सारख्या वजनाचीं खोडावीं, व जी बाजू उरेल तिकडे जावें. अर्थशास्त्रांतील १९७८ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे हर्बर्ट सायमन ह्यांनीं दाखविलें कीं, मनुष्यास सर्व वाटा तोलणें शक्यच नसतें. आपल्या गरजा भागतील अशी पुरेशी चांगली वाट तो निवडतो. तेव्हां उत्तमाच्या शोधांत मुदत चुकवूं नये.

मुलांनो, दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हा तुमचा पहिला मोठा निर्णय असेल. मित्र गेला म्हणून त्याच्यामागें जाऊं नका. वाटा मोजा, मुदती लिहा, घरांतील सर्वांचें ऐका. पालकांसहि विनंती आहे कीं, घरचा हिशेब मांडतांना मुलामुलींस जवळ बसवावें. ज्या ओसरीवर लहानांचा प्रश्न ऐकला जातो, तेथील निर्णय सहसा उतावळा होत नाहीं.