फ्रँकलिनची वही

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव विजेवरील प्रयोगांमुळे जगाला ठाऊक झाले. उंच इमारतींचे विजेपासून रक्षण करणारा धातूचा दांडा ही त्याच्याच बुद्धीची देणगी होय. आकाशातील विजेचा शोध घेणाऱ्या या पुरुषाने ऐन तारुण्यात त्याहूनही अवघड असा एक शोध आरंभिला होता. तो शोध स्वतःच्या दोषांचा होता.

१७०६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी, मेणबत्त्या व साबण करणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी त्याचा जन्म झाला. शाळा त्यास जेमतेम दोन वर्षे लाभली. पुढे फिलाडेल्फिया येथे त्याने छापखाना काढला आणि आपण सर्वथा निर्दोष व्हावयाचे, असा संकल्प सोडला. परंतु एका दोषास जपावे, तो दुसरा नकळत हातून घडावा, असे होऊ लागले. तेव्हा त्याने मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, उद्योग, न्याय असे बारा गुण निवडले व एक लहानशी वही केली. पानावर तांबड्या शाईने सात वारांचे सात उभे रकाने आखले. आडव्या ओळी गुणांच्या. रोज दिवसभराचे वर्तन आठवावयाचे आणि ज्या गुणाविरुद्ध चूक झाली असेल, त्याच्या घरात एक काळा ठिपका द्यावयाचा, असा त्याचा नेम असे.

ठिपके पाहून तो चकित झाला. आपल्या ठायी इतके दोष असतील, अशी त्याची कल्पनाच नव्हती! जुने ठिपके खोडून नवे देता देता कागदास भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंताची पाने वापरावयास घेतली. त्यांवरील पेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसता येत.

सर्वांत छळले ते व्यवस्थितपणाने. कागदपत्रे जागच्या जागी ठेवणे त्यास आयुष्यभर साधले नाही. यावर त्याने आत्मचरित्रात एक गमतीची गोष्ट दिली आहे. एका माणसास आपली कुऱ्हाड पात्याप्रमाणेच सर्व अंगी लखलखीत हवी होती. लोहार म्हणाला, “तू चाक फिरव, मी घासून देतो.” चाक फिरविता फिरविता तो माणूस दमला आणि ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच आपणांस आवडते, असे म्हणून घरी जावयास निघाला. आपलेही मन असेच पळवाट शोधते, हे फ्रँकलिनने मोकळेपणाने सांगितले आहे.

परंतु त्याचा एक मोठा दोष वहीत कोठेच उमटला नव्हता; कारण त्यासाठी ओळच आखलेली नव्हती. तो दाखविला क्वेकर पंथाच्या एका मित्राने. “लोक तुला गर्विष्ठ समजतात. वादात केवळ आपले खरे ठरून तुझे समाधान होत नाही, तू दुसऱ्यास तुच्छ लेखतोस,” असे त्याने उदाहरणे देऊन पटविले. असे ऐकून घेणे सोपे नसते. फ्रँकलिनने ऐकून घेतले आणि नम्रता हा तेरावा गुण यादीत घातला. ‘निश्चितच’, ‘निःसंशय’ हे शब्द त्याने बोलण्यातून काढून टाकले व ‘मला असे वाटते’ एवढेच म्हणण्याची सवय लावून घेतली. तथापि गर्व पुरता जिंकला असता, तर आपणांस त्या नम्रतेचाच गर्व झाला असता, असेही त्याने हसत हसत कबूल केले आहे.

त्याच्या यादीत न्याय हा गुण प्रारंभापासून होता. असे असूनही त्याच्या घरी वर्षानुवर्षे गुलाम राबत होते आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्याच्या वर्तमानपत्रात छापल्या जात. ज्या समाजात तो वाढला, त्यास यात अन्याय दिसत नव्हता. त्यासही दिसला नाही. १७६३ साली त्याने फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेस भेट दिली. ती मुले बुद्धीने व स्मरणशक्तीने गोऱ्या मुलांच्या तोडीची आहेत, हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि आपल्या पूर्वग्रहांचे समर्थन करता येत नाही, असे एका पत्रात लिहिले.

यानंतरही बरीच वर्षे गेली. १७८७ साली तो गुलामगिरीविरुद्ध कार्य करणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० च्या फेब्रुवारीत, ८४ वर्षांच्या त्या वृद्धाने संस्थेच्या वतीने अमेरिकेच्या काँग्रेसकडे गुलामांच्या मुक्ततेसाठी अर्ज केला. काँग्रेसने तो मान्य केला नाही. १७ एप्रिल रोजी फ्रँकलिनचे देहावसान झाले. त्याच्या सार्वजनिक जीवनातील अखेरच्या कार्यांपैकी हे एक होते.