ओरिएंट एक्सप्रेसचा रेक जुळवताना : आधी साल ठरवा, मग पाकीट उघडा

‘ओरिएंट एक्सप्रेस’ नावाची एकच गाडी कधी नव्हती, आणि मॉडेल रेल्वेच्या हौशी माणसाचे पैसे वाया जातात ते नेमके इथेच. पहिली गाडी ४ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसहून निघाली, ती लाकडी डब्यांची. १९१९ मध्ये सिंप्लॉन बोगद्यातून जाणारी सिंप्लॉन-ओरिएंट आली, १९६२ मध्ये तिची जागा डायरेक्ट-ओरिएंटने घेतली आणि मे १९७७ मध्ये पॅरिस-इस्तंबूल अशी थेट सेवाही संपली. १९८२ पासून धावते ती जुने डबे नव्याने सजवून चालवलेली पर्यटकांची आलिशान गाडी. खोक्यावर मात्र या सगळ्यांसाठी तेच नाव, तोच निळा रंग, तीच सोनेरी रेघ.

दख्खनच्या राणीचा १९३० मधला सात डब्यांचा रेक आणि २०२२ मध्ये तिला मिळालेले एलएचबी डबे कुणी एका माळेत ओवणार नाही. ओरिएंट एक्सप्रेस चालवणाऱ्या वॅगाँ-ली कंपनीच्या डब्यांबाबत मात्र हेच सर्रास घडतं, कारण सगळेच निळे दिसतात. म्हणून खरेदीआधी कागदावर दोनच गोष्टी लिहा: साल आणि मार्ग. बाकीचं त्यातूनच ठरत जातं.

समजा, तुम्हाला याच कंपनीच्या डब्यांची, १९३० च्या दशकातली कॅले-मेडिटेरेनियन एक्सप्रेस हवी आहे, जिला लोक ‘निळी गाडी’ म्हणत. तिला डिसेंबर १९२२ मध्ये पोलादी, निळे ‘एस’ प्रकारचे शयनयान डबे मिळाले. त्याआधी कंपनीचे डबे सागवानी असत. म्हणजे निळा डबा आणि १९१० चं साल ही जोडी जमत नाही. १९२९ मध्ये ‘एलएक्स’ प्रकारचे शयनयान आले. हे एकूण ९० डबे, क्रमांक ३४६६ ते ३५५५. त्यामुळे डब्यावरचा आकडा वाचता आला की प्रकार कळतो आणि विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबावं लागत नाही. वरच्या पट्टीवरचं कंपनीचं नावही वाचा. शेवटी ‘ग्राँ एक्स्प्रेस युरोपेआँ’ असेल तर डबा जुन्या काळाचा. कंपनीने १९६७ मध्ये नाव बदललं, तेव्हा ‘टुरिझ्म’ लिहिलेला डबा तुमच्या १९३५ च्या रेकमध्ये नको. खोक्यावर कालखंडाचा रोमन आकडाही असतो: दोन म्हणजे साधारण दोन महायुद्धांमधला काळ, तीन म्हणजे युद्धोत्तर, चार म्हणजे १९७० नंतरचा.

सगळ्यात महागात पडतो तो पुलमन डबा. दिसायला इतका देखणा की मोह आवरत नाही. पण पुलमन हा दिवसाच्या प्रवासाचा बैठा डबा, रात्रीच्या शयनयानांच्या रांगेत तो सहसा नसे. शिवाय पुलमन जोडीने चालत: एकात स्वयंपाकघर, दुसऱ्यात नाही, आणि एकाच स्वयंपाकघरातून दोन्हींकडे ताटं जात. एकटा पुलमन घेतलात तर अर्धी जोडी घेतली असं समजा. आधी तपकिरी-मलई, नंतर निळा-मलई असे त्यांचे रंगही बदलले. गंमत अशी की १९८२ नंतरच्या पर्यटक गाडीत मात्र पुलमन रास्त ठरतो, कारण तिथे जुने पुलमन भोजनयान म्हणून लावले गेले. तेव्हा पुलमन सोडवत नसेल तर साल बदला. मला हा मार्ग मुळीच कमीपणाचा वाटत नाही. फक्त अख्खी पर्यटक गाडी सतरा डब्यांची असते आणि घरात तेवढी जागा लागते.

इंग्लंडचे तपकिरी-मलई पुलमन युरोपच्या डब्यांना जोडू नयेत. लंडनहून निघालेले ‘गोल्डन ॲरो’चे प्रवासी खाडीवर बोटीत बसत आणि पलीकडे ‘फ्लेश द’ऑर’ या दुसऱ्याच गाडीत चढत. इंग्लिश डबे डोव्हरलाच थांबत. मॉडेलमध्ये आणखी एक अडचण येते. इंग्लिश मॉडेल ‘ओओ’ म्हणजे १:७६, युरोपचं ‘एचओ’ म्हणजे १:८७. रूळ दोन्हींचे १६.५ मिमी, त्यामुळे चालतील एकत्र, पण इंग्लिश डबा शेजाऱ्यापेक्षा ठळक मोठा दिसेल.

आता पैशांचं बोलू. हिशेब सोपा जावा म्हणून युरो शंभर रुपयांचा धरतो. नवा, तपशीलवार एचओ शयनयान डबा साधारण ७० ते १०० युरोंना पडतो. लहान मांडणीला सहा डबे पुरतात: दोन्ही टोकांना सामानाचे डबे, मध्ये तीन शयनयान, एक भोजनयान. म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास. खरा धक्का त्यानंतर बसतो. लघुरूप मॉडेलं आणि खेळणी सीमाशुल्काच्या एकाच शीर्षकाखाली, ९५०३ मध्ये येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यावर अधिभार, आयजीएसटी आणि कुरिअरची फी धरली की पन्नास हजारांचा रेक लाखाच्या घरात जातो. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून मागवायचं असेल तर प्रवाशाला मिळणारी सूट वेगळी असते. तिची ताजी मर्यादा तपासा आणि बिल सोबत ठेवायला सांगा.

सेकंडहँडमध्ये जुने डबे २५ ते ४५ युरोंना मिळतात. घेण्याआधी विक्रेत्याला डब्यावर पट्टी ठेवून फोटो पाठवायला सांगा. खरा पोलादी शयनयान २३.४५ मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये बफरपासून बफरपर्यंत जवळजवळ २७ सेंमी. २४ भरले तर वळणं सोपी व्हावीत म्हणून डबा आखूड केला आहे, आणि पूर्ण लांबीच्या डब्याशेजारी तो खुजा दिसतो. दुसरा प्रश्न चाकांचा. जुन्या चाकांच्या कडा खोल असतात आणि आजच्या बुटक्या रुळांच्या खिळ्यांवर खटखट आपटतात. मार्कलिनच्या तीन-रुळी पद्धतीची चाकं विद्युतरोधी नसतात, ती दोन-रुळी मांडणीवर शॉर्ट करतात. चाकं बदलायला डब्यामागे हजारभर रुपये धरा, मग ‘स्वस्त’ डबा खरंच स्वस्त आहे का ते पाहा.

एकच संच दोनदा घेऊन गाडी लांबवू नका, दोन डब्यांवर तोच क्रमांक येतो. अगदीच घेतला तर डिकॅलने आकडा बदला, पण त्या प्रकाराच्या क्रमांकांच्या मर्यादेतच. दिव्यांवर मात्र बचत जरूर करा. कंपनीचं किट डब्यामागे दीड-दोन हजारांना पडतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत पिवळसर एलईडी पट्टी, ब्रिज रेक्टिफायर आणि लुकलुक थांबवायला एक कपॅसिटर हे सगळं काहीशे रुपयांत येतं. पांढरा एलईडी घेऊ नका, डबा दवाखान्यासारखा उजळतो.

भोजनयानाचे पैसे वाटल्यास पुढे ढकला. लांबच्या गाड्यांना ते वाटेत जोडत आणि काढत, त्यामुळे त्याविना रेक चुकीचा ठरत नाही. इंजिनाचं मात्र तसं नाही. निळ्या गाडीला पॅरिसच्या दक्षिणेला पीएलएम या फ्रेंच रेल्वे कंपनीचं वाफेचं इंजिनच हवं, आणि नवं इंजिन सहज २५० ते ४०० युरो मागतं. सिंप्लॉन मार्ग निवडलात तर सीमेवर इंजिन बदलत असे. तेव्हा घरात स्विस एई ४/७ विजेचं इंजिन असेल तर १९३० च्या दशकातला रेक त्याच्यामागे बिनदिक्कत चालवा. फक्त तुमच्या मांडणीतलं सर्वांत अरुंद वळण आधी मोजा आणि २७ सेंमीच्या डब्यासाठी निर्मात्याने सांगितलेल्या किमान त्रिज्येशी ताडून पाहा. वळण बसत नसेल तर रूळ बदलण्याचा खर्चही याच हिशेबात धरावा लागेल.