उलटलेल्या होडीचा पाठ

शिडाची होडी चालविण्यास शिकणाऱ्या मुलाला आरंभीच्या धड्यांत काय करावयास लावतात, हे ऐकून तुम्हांस नवल वाटेल. त्याला होडी मुद्दाम उलटविण्यास सांगतात! 'ऑप्टिमिस्ट' नावाची ही होडी लांबीला सुमारे २.३ मीटर व वजनाला ३५ किलो असते. पंधरा वर्षांपर्यंतची मुले ती एकट्याने चालवितात.

शांत पाण्यात, अंगात जीवरक्षक जाकीट घालून व शिक्षक जवळ असताना होडी उलटविली, म्हणजे दोन गोष्टी अनुभवास येतात. आतील हवेच्या पिशव्यांमुळे होडी बुडत नाही. म्हणून पोहत दूर जाण्यापेक्षा तिला धरून राहणेच हिताचे. आणि तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार टाकला, की ती पुन्हा सरळ होते.

पुढील धडे लहानसहान फजितीच देते. दोरी धरून हात दुखू लागले, की एखादा शिडाची दोरी होडीलाच बांधून टाकतो. इतक्यात वाऱ्याचा झोत येतो. दोरी सैल सोडली असती, तर शीड फडफडले असते व वारा निसटून गेला असता. आता सारा जोर होडीवर येतो आणि ती कलंडते. दुसरा मुलगा पाणी उपसण्याचे भांडे बांधण्यास विसरतो. तो होडी सरळ करतो खरा, पण ती पाण्याने भरलेली आणि भांडे मात्र दूर वाहत गेलेले! काय बांधावे व काय बांधू नये, हे मग दोघांनाही पुन्हा सांगावे लागत नाही.

मोठ्या नाविकांची रीतही अशीच असते. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची 'म्हादेई' नौका गोव्यात बांधली गेली. प्रदक्षिणेपूर्वी ती मॉरिशसपर्यंत नेऊन तेथून त्यांनी एकट्याने परत आणली. नौकेतील उणिवा लहान प्रवासातच कळलेल्या बऱ्या!

आपल्या वडोदऱ्यास या विषयाची दुःखद आठवण आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जाकिटे नव्हती. त्या मुलांचा यात काहीच दोष नव्हता. काळजी घेणे हे मोठ्यांचे कर्तव्य होते.

तथापि आपणही एक गोष्ट करू शकतो. लाजेने लपविलेली चूक फार तर एकाला शिकविते. उघडपणे सांगितलेली चूक सर्वांना सावध करते. म्हणून जाकिटावाचून होडीत पाऊल टाकू नका; आणि गर्दी अधिक दिसली, तर भीड न धरता तेथेच बोला. पाण्यावर भिडेची किंमत फार मोठी असते.