विमानतळाचे कर्जरोखे : हिशेब कसा वाचावा

हैदराबादचा शमशाबाद येथील विमानतळ २००८ साली सुरू झाला. अशा विमानतळाचे कर्जरोखे घेणाऱ्याने उत्पन्नाच्या दोन बाजू ध्यानी घ्याव्यात. पहिली, विमाने व प्रवासी यांवरील शुल्क. त्याचे दर विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरविते. दुसरी, दुकाने, जाहिराती व वाहनतळ यांचे उत्पन्न. २०२० साली २५ मार्च ते २४ मे या काळात देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती. तेव्हा दोन्ही झरे आटले. व्याजाची तारीख मात्र दुष्काळ पाहत नाही. भागधारकास नफ्यात वाटा असतो. रोखेधारकास ठरलेले व्याज व मुद्दल एवढेच. म्हणून इमारतीची भव्यता न पाहता, खर्च वजा जाता उरणारी रक्कम व्याजाच्या किती पट आहे, आणि मुद्दल कोणत्या वर्षी फेडावयाचे आहे, हे प्रथम पाहावे.