मधला स्पीकर जोडण्याआधी

आमच्या हॉलमध्ये आईची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी असते. तिथे उजेड येतो, वारा लागतो, आणि गुडघे दुखत असल्यामुळे उठून टीव्हीसमोरच्या सोफ्यावर येणं तिला नको वाटतं. मालिका लागली की ती म्हणायची, "अरे, मागचं संगीत ऐकू येतं, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही." टीव्हीचा आवाज मी बाबांच्या जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमधून दोन स्पीकरवर काढला होता. बोलणं टीव्हीतून आल्यासारखं वाटत नाही, म्हणजे मध्ये एक स्पीकर हवा, असं मी ठरवलं. घरात एक जास्तीचा स्पीकर होताच.

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तिसऱ्या स्पीकरची सोय नव्हती. मी डाव्या चॅनेलच्या तांबड्या टर्मिनलमधून एक वायर घेतली, उजव्याच्या तांबड्यातून दुसरी. दोन्हींची टोकं एकत्र पिळून तिसऱ्या स्पीकरच्या तांबड्यात घातली. काळ्या वायरी काळ्यात. डावं आणि उजवं मिळून मधलं, एवढाच माझा हिशेब होता. बातम्या लावल्या. निवेदिकेचा आवाज टीव्हीखालून स्वच्छ येऊ लागला. आईला फार आनंद झाला. पाऊण तास काही बिघडलं नाही, म्हणून माझी खात्रीच पटली.

रात्री एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तबला, पेटी, गळा, सगळं एकाच ठिकाणी गोळा झालेलं. दोन बाजू गेल्या कुठे, हे पाहायला मी बॅलन्सचा नॉब एका टोकाला फिरवला. मोठी घरघर झाली आणि जळका वास आला. मेन स्विच बंद करेपर्यंत उशीर झाला होता.

अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पुण्यात पासोड्या विठोबाजवळ गेलो. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी झाकण उघडलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दोन्ही चॅनेल एकत्र बांधले होते का?" मग त्यांनी समजावलं ते मी विसरलेलो नाही. गच्चीवरच्या दोन टाक्या तळाशी जाड पाइपने जोडल्या आणि दोन्हींत पाणी सारख्याच उंचीवर असलं, तर पाइपातून थेंबही सरकत नाही. एकीतली पातळी उतरली की दुसरीतलं पाणी लोंढ्याने धावतं. बातम्यांत दोन्ही चॅनेलमध्ये एकच आवाज असतो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर तगला. गाण्यात डावं-उजवं वेगळं असतं. त्यात मी नॉब फिरवून एक टाकी पूर्ण रिकामी केली. एका चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाले, आतला डीसी सरळ डाव्या स्पीकरवर गेला आणि वूफरची कॉइल जळली. बाबांनी तीस वर्षं जपलेली वस्तू होती ती.

तेव्हा दोन चॅनेलच्या तांबड्या वायरी एकमेकींना कधीही जोडू नका. हल्लीच्या बऱ्याच छोट्या डिजिटल अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यात स्वतंत्र सिग्नल असतो. तिथे काळ्याला काळं जोडणंही तितकंच घातक. कुणी सांगेल की तिसरा स्पीकर दोन तांबड्यांच्या मध्येच जोडा. अमेरिकेतल्या डेव्हिड हाफलर यांची ती जोडणी आहे, पण मागच्या स्पीकरसाठी. तिच्यात डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि दोन्हींत सारखं असलेलं बोलणं नेमकं गळून जातं.

काकांनी निघताना विचारलं, "घरी वायरी सरळ आहेत ना?" घरी येऊन पाहिलं तर उजव्या स्पीकरची वायर उलटी. दोन वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी सगळं काढून पुन्हा जोडलं, तेव्हा तांबडं काळ्यात गेलं असणार. खरं दुखणं इथे होतं. बोलणाऱ्याचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो. तो दोन्ही बाजूंनी एकाच वेळी, सारख्याच जोराने आला की मेंदू त्याला मध्ये बसवतो. एक वायर उलटी असली की एका स्पीकरचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो. मग आवाज मध्ये न ठरता पसरतो, खर्जही पातळ होतो. तपासणी सोपी आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि बातम्या ऐका. ज्या जोडणीत आवाज मध्ये येतो आणि भरदार वाटतो, ती बरोबर.

अ‍ॅम्प्लिफायर आणि डावा स्पीकर दुरुस्त झाल्यावर टेप घेऊन मापं घेतली. स्पीकर एकमेकांपासून जेवढे लांब, साधारण तेवढंच प्रत्येकापासून सोफ्याचं अंतर ठेवलं. सोफ्याच्या मध्यावर बसलो तर निवेदिका थेट टीव्हीतून बोलत होती, मध्ये स्पीकर नसताना. एकटाच ऐकणारा असेल त्याने इथे थांबावं, पैसे खर्च करू नयेत.

आईची अडचण मात्र उरली. तिच्या खुर्चीपासून डावा स्पीकर दीड मीटरवर, उजवा तीन मीटरवर. आवाजाला चौतीस सेंटिमीटरला साधारण एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे उजवीकडचा आवाज तिला चारेक मिलिसेकंद उशिरा मिळतो. एवढ्या फरकाला कान आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो आणि सगळं डावीकडूनच येतंय असं वाटतं. मधला स्पीकर खरा कडेला बसणाऱ्यासाठी असतो, हे मला तेव्हा कळलं. थिएटरात तो पडद्यामागे असतो तोही याचसाठी. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा डावा, मधला, उजवा असे तीन चॅनेल होते. घरी दोनच आले, कारण १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेला दोनच भिंती, आणि भिंतीमागे एक चॅनेल.

शेवटी जुना पण चालू एव्ही रिसीव्हर घेतला. त्यात मधल्या स्पीकरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, आणि मालिका दोन चॅनेलमध्ये आली तरी त्यातली डॉल्बी प्रो लॉजिक टू ही सोय दोन्हींत सारखं असलेलं, म्हणजे मुख्यतः बोलणं, मध्ये पाठवते. मधला स्पीकर बाजूच्या दोघांच्याच कंपनीचा आणि त्याच सिरीजमधला घ्या, नाहीतर पात्र चालता चालता त्याचा आवाज बदलतो. जास्तीचा पडून आहे म्हणून लावू नका. मी मधल्याची पातळी दोन डेसिबल वाढवली आहे. गाणं ऐकताना मोड स्टिरिओवर ठेवतो. तेव्हा तबला आपल्या जागी राहतो.

स्पीकर टीव्हीखाली, गुडघ्याच्या उंचीवर आहे. त्याच्या पुढच्या कडेखाली दार अडवायचे दोन रबरी तुकडे सरकवले आणि त्याचं तोंड आईच्या कानांकडे वर केलं. त्या संध्याकाळी मालिकेत कुणीतरी हळू आवाजात काही बोललं, आणि मी विचारायच्या आत आईने उत्तर दिलं, टीव्हीतल्या माणसाला.