वराग येथील ओसाड मठ

आर्मेनियाच्या राजानें चवथ्या शतकाच्या आरंभीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या लोकांचे अनेक जुने मठ आज तुर्कस्थानच्या पूर्व भागांत ओसाड पडले आहेत. त्यांपैकीं वान शहराजवळच्या वराग डोंगरावरील मठाचा वृत्तांत येथें देतों.

अशी आख्यायिका आहे कीं, रोमांतील छळामुळें पळून आलेल्या ह्रिप्सिमे नामक कुमारिकेनें प्रभूच्या वधस्तंभाचा एक तुकडा या डोंगरांत लपविला, व तो सातव्या शतकांत एका वैराग्यास सांपडला. असल्या लांकडावर आपण विश्वास ठेवावा असें नाहीं. परंतु त्या कथेमुळेंच ती जागा पवित्र मानली गेली, आणि अकराव्या शतकाच्या आरंभीं वास्पुराकानचा राजा सेनेकेरिम यानें तेथें मठ स्थापिला. पुढें १०२१ च्या सुमारास तुर्कांच्या स्वाऱ्यांचें भय वाटून त्यानें आपलें राज्य कॉन्स्टंटिनोपलच्या बादशहास दिलें, व तो बहुत प्रजेसह सेबास्तियाकडे निघून गेला. राजा गेला, मठ राहिला.

मठाचा खरा उत्कर्ष, माझ्या मतें, त्यानंतर आठ शतकांनीं झाला. म्कर्तिच ख्रिम्यान हा वानचाच मनुष्य. पत्नी व कन्या वारल्यावर त्यानें १८५४ सालीं धर्मदीक्षा घेतली, आणि १८५७ सालीं तो वरागचा मठाधिपति झाला. त्यानें डोंगरावर शाळा घातली व छापखाना आणिला. १८५८ पासून तेथें ‘वास्पुराकानचा गरुड’ हें पत्र छापूं लागले. आर्मेनियन भाषेचें पहिलें नियतकालिक १७९४ त आपल्या हिंदुस्थानांत, मद्रासेस, निघालें होतें. परंतु खुद्द आर्मेनियाच्या भूमीवर छापलेलें पहिलें पत्र हेंच. पुढें ख्रिम्यान सर्व आर्मेनियनांचा मुख्य धर्माध्यक्ष झाला, तरी लोक त्यास ‘हायरिक’, म्हणजे बाबा, असेंच म्हणत. तो १९०७ त वारला.

आठ वर्षांनीं, १९१५ च्या एप्रिलांत, तुर्की सैन्यानें वानच्या आर्मेनियन वस्तीस वेढा घातला. आसपासच्या खेड्यांतील कत्तलींतून वांचलेले लोक वरागच्या आश्रयास आले होते. मे महिन्यांत मठ जाळण्यांत आला. वानमध्यें त्या वेळीं डॉ. क्लॅरेन्स अशर हे अमेरिकन बोर्डाचे वैद्य होते. ज्या संस्थेचे मिशनरी १८१३ त मुंबईस आले, तीच ही संस्था. त्यांच्या आवारांत हजारों निराश्रितांस थारा मिळाला. त्यांची पत्नी जुलैंत टायफस ज्वरानें मरण पावली.

आतां तेथें बाक्राचली नांवाचें कुर्दी लोकांचें खेडें आहे. उरलेल्या देवळाचा कांहीं काळ गोठ्यासारखा उपयोग झाला. ऑक्टोबर २०११ च्या भूकंपानें त्याची आणखी पडझड झाली. वधस्तंभ कोरलेले दगड अद्याप भिंतींत आहेत, आणि तुर्की भाषेंत त्या जागेस ‘येदि किलिसे’, म्हणजे सात देवळें, असें म्हणतात.